कोर्ट नाका, लिनक्स मिंट आणि ओपन फाइल

आधी निकाल सांगते. कोर्ट नाक्याला आमच्या काउंटरवर येणाऱ्या माणसाचा आत कधीही पुकारा होऊ शकतो, त्याला पाल्हाळ ऐकायला वेळ नसतो. तर, लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी मशीनवर टाकायची फुकट सिस्टीम. दुकानातल्या तीनपैकी दोन मशीनवर, गेल्या वर्षीच्या गणपतीपासून, म्हणजे चौदा महिने. १० पैकी साडेसात. कापलेल्या अडीच मार्कांतले दीड प्रिंटरचे आणि एक ऑफसेटवाल्यांचा. ज्यांचा पुकारा झाला त्यांनी खुशाल जावं.

बाकीच्यांसाठी पाल्हाळ आहेच.

दुकान ठाण्यात, कोर्टापासून चालत तीन मिनिटांवर. ११० चौरस फूट, त्यात तीन मशीन, दोन प्रिंटर, एक झेरॉक्स, एक स्पायरल बाइंडिंगचं यंत्र आणि आम्ही तिघं. १९९८ मध्ये सुरू केलं तेव्हा आमचे हे झेरॉक्सवर आणि मी टायपिंगला. मी मूळची टायपिंग इन्स्टिट्यूटची, खडखडाट करणाऱ्या मशीनवर मराठी चाळीसची परीक्षा दिलेली. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, वारसाचे अर्ज, सोसायट्यांच्या नोटिसा, मंडळांचे अहवाल, लग्नपत्रिका असं सगळं करतो. पण आमचं खरं डाळ-तांदूळ म्हणजे हिरव्या लेजर पेपरवरची लिगल साइज प्रिंट. हा लिगल साइज लक्षात ठेवा, पुढे रडवणार आहे.

मधलं मशीन २०१४ मध्ये असेंबल करून घेतलेलं. आय-थ्री, चार जीबी रॅम. ज्याने जोडून दिलं त्यानेच त्यात विंडोज टाकलं, ऑफिस टाकलं, फोटोचं सॉफ्टवेअर टाकलं आणि म्हणाला, "सगळं लाइफटाइम आहे काकू." लाइफटाइम म्हणजे चोरीचं, हे न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नव्हते. दिवसभर "मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की" टाइप करायचं आणि मशीनच्या पोटात चोरीचा माल, असा दहा वर्षं संसार केला. त्यामुळे ते मशीन रडतखडत चालायचं याचा दोष मी विंडोज बनवणाऱ्यांना देणार नाही. अपडेट बंद करून ठेवलेली चोरीची कॉपी, तिच्याकडून अपेक्षा तरी काय करायची?

त्यात पेनड्राइव्ह. झेरॉक्सवाल्याच्या मशीनइतकं उष्टं मशीन जगात दुसरं नसेल. दिवसाला चाळीस-पन्नास पेनड्राइव्ह त्याच्या तोंडात जातात, प्रत्येक जण कुठून कुठून फिरून आलेला. २०२४ च्या जूनमध्ये एका कॉलेजच्या मुलीने प्रोजेक्टची प्रिंट काढायला पेनड्राइव्ह दिला आणि परत लावून बघते तर सगळे फोल्डर शॉर्टकट झालेले. फाइली गेल्या नव्हत्या, नुसत्या लपल्या होत्या, त्या मी काढूनही दिल्या. पण तोवर ती काउंटरला टेकून रडली आणि तिची आई फोनवरून मला जे बोलली ते इथे टाइप करणार नाही.

माझा भाचा ऐरोलीला राहतो, कॉम्प्युटरमधलाच आहे. त्याला विचारलं, नवं मशीन कोणतं घेऊ? तो म्हणाला, "मावशी, मशीन नको घेऊस. एक एसएसडी, म्हणजे जुन्या हार्डडिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क, आणि चार जीबी रॅम आणून ठेव, आणि रविवारी दुकान उघड."

रविवारी त्याने पेनड्राइव्हवर मिंट आणलं होतं. सुमारे तीन जीबीची एक फाइल, त्यात सिस्टीम, ऑफिस, ब्राउझर सगळं. पेनड्राइव्ह लावून मशीन चालू केलं तर हार्डडिस्कला हात न लावता अख्खी सिस्टीम त्या पेनड्राइव्हवरूनच उभी राहिली. साडी खांद्यावर टाकून आरशात बघावी आणि नाही आवडली तर गठ्ठ्यावर परत ठेवावी, तसं. अर्धा तास मी नुसती बघत बसले. वायफाय लागलं, आवाज लागला, झेरॉक्सच्या बाजूचा मोठा प्रिंटर न विचारता ओळखला गेला. मग म्हटलं, टाक. मी खाली जाऊन तीन चहा सांगून आले तोवर टाकून झालंही होतं. पूर्वी हे मशीन चालू करून मी दुकानातली पूजा उरकायची, उदबत्ती लावायची आणि तरी ते गोल गोल फिरत असायचं. आता उदबत्ती पेटायच्या आत तयार असतं.

पेनड्राइव्हच्या रोगाचं म्हणाल तर ती चिंता या दोन मशीनवर सरली. लिनक्सला व्हायरस होतच नाही असं कुणी सांगितलं तर त्याला अर्धवट समजा. पण गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हवरून येणारी ही पिलावळ विंडोजसाठी लिहिलेली असते. इथे ती नुसती फाइल म्हणून दिसते, दोनदा क्लिक केलं तरी मेल्यासारखी पडून राहते. आता तर शेजारचा स्टॅम्पवाला त्याचे पेनड्राइव्ह माझ्याकडे साफ करायला पाठवतो. फुकट.

लिनक्सशी माझी पहिली गाठ मात्र २०२४ ची नाही. २००७ च्या सुमारास एक इंजिनीअरिंगचा मुलगा प्रोजेक्ट बाइंड करायला आला होता, त्याने खुशीने मला एक सीडी दिली, उबुंटूची. म्हणाला, "काकू, परदेशातून पोस्टाने येते, एक पैसा घेत नाहीत." खरंच तसं होतं. मार्क शटलवर्थ नावाचा दक्षिण आफ्रिकेतला श्रीमंत माणूस, जो २००२ मध्ये अंतराळातही जाऊन आला होता, त्याने २००४ मध्ये उबुंटू काढलं आणि जो मागेल त्याच्या घरी सीडी पाठवायचा. मी विचार केला, पोस्टेजसुद्धा न घेता कुणी काही देत असेल तर त्यात नक्की गोम आहे. ती सीडी मी गॅलरीत दोऱ्याने टांगली. कबुतरं येत नाहीत त्याने. दोन वर्षं टिकली, तेवढ्यासाठी तिला तेव्हाच पाच मार्क दिले असते.

गोम काय आहे ते कळायला मला सतरा वर्षं लागली. आणि ती कळली ती माझ्याच धंद्यातल्या शब्दाने.

डीटीपीवाल्याला रोज ऐकू येणारं वाक्य म्हणजे "ताई, ओपन फाइल द्या ना." पत्रिका केली, अहवाल केला, की आम्ही पीडीएफ देतो. पीडीएफ छापता येते, सहजासहजी बदलता येत नाही. ज्यात बदल करता येतो ती ओपन फाइल, आणि ती कुठलाही डीटीपीवाला सुखासुखी देत नाही. कारण साधं आहे. ओपन फाइल दिली की पुढच्या वर्षी अध्यक्षांचं नाव बदलायला गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. मीही सव्वीस वर्षं दिली नाही. "मशीन फॉर्मॅट झालं हो" म्हणायचं, तोंड पाडायचं, विषय संपला.

भाचा म्हणाला, "मावशी, सॉफ्टवेअर कंपन्या अगदी हेच करतात. प्रोग्रामची पीडीएफ देतात, ओपन फाइल कपाटात." त्याला सोर्स कोड म्हणतात. आणि या कपाटाविरुद्ध जो माणूस उठला त्याची गोष्ट एका प्रिंटरपासून सुरू होते, हे ऐकल्यावर मी हातातला पंच खाली ठेवला.

रिचर्ड स्टॉलमन. अमेरिकेत एमआयटी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काम करायचा. १९८० च्या सुमाराची गोष्ट. प्रयोगशाळेत जुना प्रिंटर होता, तो अडकायचा. प्रिंटर एका मजल्यावर, माणसं दुसऱ्या, त्यामुळे कागद अडकून तासभर झाला तरी कुणाला पत्ता नसायचा. स्टॉलमनने त्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये बदल करून ठेवला होता की कागद अडकला की रांगेत ज्यांची छपाई आहे त्यांच्या स्क्रीनवर निरोप जावा. मग झेरॉक्स कंपनीने त्यांना नवा लेझर प्रिंटर दिला. (आपल्याकडे झेरॉक्स ही कंपनी आहे हे कुणाला खरंच वाटत नाही. "झेरॉक्सची झेरॉक्स" मागणारी गिऱ्हाइकं माझ्याकडे येतात.) नवा प्रिंटर वेगवान, देखणा, पण तोही अडकायचा. स्टॉलमनला तोच बदल करायचा होता, पण या वेळी प्रोग्राम बंद डबीत आला होता, ओपन फाइल नव्हती. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एका माणसाकडे ती आहे असं कळल्यावर हा थेट त्याच्या दारात गेला. तो म्हणाला, नाही देणार, कुणाला देणार नाही असं कंपनीला लिहून दिलंय.

आता मला सांगा, अडकलेला प्रिंटर आणि तोंडावर नाही म्हणणारा माणूस, यापुढे कुणाचं डोकं फिरणार नाही? बाकीचे चडफडत घरी जातात. या माणसाने २७ सप्टेंबर १९८३ ला जाहीर केलं की मी युनिक्ससारखी (तेव्हाच्या मोठ्या मशीनवर चालणारी सिस्टीम) अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने लिहिणार आणि तिची ओपन फाइल सगळ्यांना देणार. नाव ग्नू. जानेवारी १९८४ पासून एमआयटीची नोकरी सोडून कामाला लागला. आणि नुसतं दिलं नाही, अट घातली. ती मला सगळ्यात हुशारीची वाटली. जीपीएल म्हणतात त्या परवान्याला. तुम्ही ही वस्तू वापरा, बदला, दुसऱ्याला द्या, विका सुद्धा. पण दुसऱ्याला द्याल तेव्हा तुमच्या बदलांसकट ओपन फाइल त्याला मिळालीच पाहिजे. म्हणजे मध्येच कुणी कपाटात घालून कुलूप लावू शकत नाही. इतके भाडेकरार टाइप केले, पण पुढच्या पुढच्या भाडेकरूचा हक्क असा बांधून ठेवणारं कलम मी कुठे टाइप केलेलं नाही.

१९९० पर्यंत स्टॉलमनकडे बरंच तयार होतं, पण गाभा नव्हता. गाभा म्हणजे कर्नल, जो प्रोसेसर, मेमरी, डिस्क यांच्याशी थेट बोलतो. तो आला फिनलंडहून, आणि आला तो सहज.

लिनस टोरवाल्ड्स, हेलसिंकी विद्यापीठात शिकणारा एकवीस वर्षांचा मुलगा. १९९१ च्या जानेवारीत त्याने ३८६ प्रोसेसरचं मशीन घेतलं, हप्त्यांवर. त्यावर मिनिक्स चालवून बघत होता. मिनिक्स ही अँड्र्यू टॅनेनबॉम या ॲमस्टरडॅमच्या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना शिकवायला लिहिलेली छोटी सिस्टीम. ती याला अपुरी वाटली, म्हणून स्वतःची लिहायला घेतली. २५ ऑगस्ट १९९१ ला मिनिक्स वापरणाऱ्यांना त्याने कळवलं की मी एक सिस्टीम करतोय, फुकट, नुसता छंद, ग्नूसारखं मोठं काही होणार नाही. सप्टेंबरमध्ये पहिली आवृत्ती, जेमतेम दहा हजार ओळींची. त्याला नाव द्यायचं होतं 'फ्रीक्स'. ज्याने फाइली सर्व्हरवर ठेवायला जागा दिली त्या आरी लेम्केला ते नाव आवडलं नाही, त्याने फोल्डरला परस्पर 'लिनक्स' नाव दिलं. मुलाचं नाव आत्याने ठेवावं तसं झालं, आणि तेच लागलं.

टॅनेनबॉम सरांना मात्र हे काही पटलं नाही. १९९२ च्या जानेवारीत त्यांनी सगळ्यांदेखत सुनावलं की ही रचनाच जुनाट आहे आणि तू माझा विद्यार्थी असतास तर तुला बरे मार्क मिळाले नसते. पोरानेही उलट उत्तर दिलं. आज जगातल्या सर्वात वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीत २०१७ च्या नोव्हेंबरपासून सगळेच्या सगळे पाचशे लिनक्सवर चालतात, आणि तुमच्या हातातला फोन अँड्रॉइड असेल तर त्याच्याही गाभ्यात तेच आहे. मार्कांवरून मुलांना बोलणाऱ्या शिक्षकांना मी हे सांगत असते.

मिंटची वंशावळ अशी. १९९३ मध्ये इयन मर्डॉकने लिनक्सचा गाभा आणि ग्नूचं सामान एकत्र बांधून डेबियन नावाची सिस्टीम काढली, नाव त्या वेळची मैत्रीण डेब्रा आणि आपण इयन यांची नावं जोडून. आम्ही पत्रिकेवर वधूवरांची अक्षरं गुंफतो तेच, फक्त हे जास्त टिकलं. डेबियनवरून उबुंटू, उबुंटूवरून २००६ मध्ये क्लेमाँ लेफेब्रने मिंट. आजी, आई, मुलगी. प्रत्येकीला आधीचीची ओपन फाइल मिळालेली. मिंटच्या आवृत्त्यांना बायकांची नावं असतात, सगळी आकारान्त. माझ्याकडे आली ती विल्मा. तिला २०२९ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळत राहणार. विंडोज १० चं नेहमीचं आयुष्य १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं आणि ११ ला माझा २०१४ चा आय-थ्री चालत नाही. म्हणजे भंगारवाला ज्याचे शेवटचे तीनशे देऊ करत होता ते मशीन अजून निदान तीन-चार वर्षं माझं पोट भरणार.

आता रोजच्या कामाचं.

मराठी. यात मला सर्वात जास्त धाकधूक होती आणि इथेच सर्वात कमी त्रास झाला. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी इनस्क्रिप्ट हा लेआउट जोडला, झालं. वेगळं सॉफ्टवेअर नको, डोंगल (सॉफ्टवेअर चालायला मशीनला लावावी लागणारी किल्ली) नको. माझा हात टाइपरायटरचा, मला हवा तसा तो जुना लेआउट काही नीट बसला नाही. म्हणून बावन्नाव्या वर्षी इनस्क्रिप्ट शिकले. डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं, एकदा हे डोक्यात बसलं की पंधरा दिवसांत हात वळतो. ळ शिफ्ट धरून ल च्या बटणावर, आणि शिफ्ट धरून र चं बटण दाबलं की ऱ. त्यामुळे 'दुसऱ्या' आणि 'ऱ्हास' बरोबर येतात, 'दुसर्या' असं बोंबलत येत नाही. अक्षरं जोडण्याचं काम आतमध्ये हार्फबझ नावाचा भाग करतो, तो लिब्रेऑफिसपासून (मिंटसोबत येणारं वर्डसारखं ऑफिस) अँड्रॉइड फोनपर्यंत सगळीकडे आहे. फॉन्टसाठी मी मुक्ता वापरते, मुंबईच्याच एक टाइप या लोकांनी केलेला, मुक्त परवान्याचा. अर्जासाठी झकास. पत्रिकेला जरा कोरडा वाटतो.

पण जुना माल? वीस वर्षांचं माझं काम जुन्या फॉन्टमध्ये आहे, ज्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले होते. तो फॉन्ट नसला की सगळं मॅटर भूतबाधा झाल्यासारखं दिसतं. त्याचं सॉफ्टवेअर डोंगल लावून फक्त विंडोजवर चालतं. म्हणून तिसरं मशीन मी तसंच ठेवलंय, या वेळी परवाना विकत घेऊन. डिजिटल सहीचं टोकन लागणारी सरकारी कामंही तिथेच. एका संकेतस्थळाचं टोकनचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवायला भाच्याने दोन संध्याकाळी घातल्या आणि शेवटी हात टेकले. ज्यांच्याकडे एकच मशीन आहे आणि हीच कामं रोजची आहेत, त्यांनी सगळं पुसून मोकळं होऊ नये.

लिब्रेऑफिसचं बरं चाललंय. वकीलसाहेब स्वतःच्या लॅपटॉपवरून वर्डची फाइल पाठवतात, ती उघडते, पण चार पानांची कधी साडेचार होते. फॉन्ट सारखा नसला की ओळी सरकतात. कॅलिब्रीच्या मापाचा कार्लिटो आहे, टाइम्सच्या मापाचा लिबरेशन सेरिफ आहे, ते असल्यावर बहुतेक जागेवर बसतं. तक्ता असेल तर मात्र डोळ्यांत तेल घालून बघते. स्टॅम्पपेपर वाया गेला तर तो कुणी परत घेत नाही.

आता प्रिंटर. बसा.

आमच्याकडे एक छोटा लेझर प्रिंटर आहे. कंपनीचं नाव घेत नाही, पण भारतातल्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात शिरलात तर कोपऱ्यात तो पांढरा-काळा ठोकळा दिसेलच. रिफिल स्वस्त, मरत नाही, लेजर पेपर बिनबोभाट ओढतो. मिंटने त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. कंपनीचा लिनक्ससाठी ड्रायव्हर, म्हणजे मशीन आणि प्रिंटरमधला दुभाषी प्रोग्राम, आहे, पण तो जुनापुराणा. त्याला आणखी चार जुन्या गोष्टी लागतात आणि मशीन सुरू झालं की मागे एक प्रोग्राम जागा ठेवावा लागतो. भाच्याने तो बसवला. दोन दिवस चालला, तिसऱ्या दिवशी सकाळी पावणेअकराला, बाहेर चार वकील उभे असताना, प्रिंटर मुका. त्या धडपडीत आणखीही काहीतरी बिघडलं आणि मोठ्या प्रिंटरनेही मान टाकली. तेव्हा टाइमशिफ्ट कामाला आलं. सिस्टीमची कालची स्थिती साठवून ठेवतं ते, आणि मागितलं की मशीन कालच्यासारखं करून देतं. मला एकदा हे माणसांसाठी हवं होतं, असो.

मग मिळाला दुसरा ड्रायव्हर. कंपनीने या प्रिंटरची भाषा कुणाला सांगितलेली नाही, तर कुठल्याशा परक्या देशातल्या माणसाने मशीन आणि प्रिंटर एकमेकांशी काय बोलतात ते ऐकून ऐकून ती उकलली आणि ड्रायव्हर लिहून सगळ्यांना देऊन टाकला. मला भरून आलं. ए-फोर एकदम स्वच्छ निघाला. मग लिगल टाकला. वरचं सगळं आलं, खालचे दोन-सव्वादोन इंच गायब. प्रतिज्ञापत्राच्या खालच्या दोन इंचांत काय असतं? सही! वकीलसाहेबांनी तो हिरवा कागद वर धरला आणि म्हणाले, "ताई, अशिलाने सही कुठे करायची, हवेत?"

तिथेच दीड मार्क कापले. चूक लिनक्सची म्हणावी तर तसंही नाही. स्टॉलमनला जो माणूस नाही म्हणाला, तोच चाळीस वर्षांनी माझ्या कोपऱ्यात ठोकळा होऊन बसलाय. पण मार्क गिऱ्हाइकाच्या त्रासाला कापायचे असतात, दोष कुणाचा हे बघून नव्हे. आता तो ठोकळा तिसऱ्या मशीनला जोडलेला आहे आणि बाकीची दोन मशीन नेटवर्कवरून त्याच्याकडे छपाई पाठवतात. लिगल पूर्ण येतो. तिसरं मशीन बंद पडलं तर तिघांचीही बोंब. कुणी नवा प्रिंटर घेणार असेल तर वायफायवाला, ड्रायव्हर न मागणारा बघून घ्या, आणि दुकानातच लिगल साइज काढून बघा. विक्रेता तोंड वाकडं करेल, करू दे.

ऑफसेटवाल्यांचा एक मार्क तसा सोपा आहे. पत्रिका मी आता इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्राममध्ये करते. गणपती, तोरण, कलश सगळं झकास निघतं, पण ते रंग स्क्रीनचे धरतं, छपाईच्या चार रंगांचे नाही. पहिल्या पत्रिकेचा कुंकवाचा लाल छापून आला तो विटकरी. मुलीच्या आईने पत्रिका हातात घेतली आणि काही बोलली नाही, ते जास्त लागलं. त्या पाचशे मी पदरच्या पैशाने परत छापून दिल्या. आता चित्र इंकस्केपमध्ये, मांडणी स्क्रायबस या पानं लावायच्या प्रोग्राममध्ये, तिथे चार रंगांचे आकडे नेमके देता येतात, आणि तिथून पीडीएफ. तरी प्रेसवाला त्याच्या सवयीचं सॉफ्टवेअर मागतोच, "कोरलमध्ये द्या ना ताई." एकाला पटवलंय की अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे त्यांची चित्रं करून, पीडीएफ देईन, तू बिनधास्त प्लेट काढ. तोही उपकार केल्यासारखा घेतो.

दुकानातली मुलगी कळव्याहून येते, बारावी झालेली. तिला मिंट शिकवायला मी आठवडा धरला होता. दीड दिवसात तिने माझ्याकडे बघून विचारलं, "काकू, यात वेगळं काय आहे?" खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, घड्याळ उजवीकडे. तिला वेगळं काहीच वाटलं नाही. अपडेट कधी करायचं ते आपण ठरवायचं, भर गर्दीत मशीन आपणहून बंद-चालू होत नाही, एवढंच तिच्या लक्षात आलं आणि तेवढं तिला पुरलं. अडचण आली तर मात्र जवळपास कुणी नाही. आमच्या गल्लीतला दुरुस्तीवाला लिनक्स म्हटल्यावर असे हात वर करतो की जणू मी त्याला साप धरायला सांगितलाय. माझ्याकडे ऐरोलीचा भाचा आहे. ज्यांच्याकडे भाचा नाही त्यांनी माझ्या साडेसातातला अर्धा अजून कमी करावा.

खर्च लिहून ठेवते, लोक विचारतात. सिस्टीमचे शून्य. एसएसडी आणि रॅम मिळून तीन हजारांच्या आत. भाच्याला दोन रविवार मिसळ. आणि पहिलं वर्ष पूर्ण झालं तेव्हा मिंटवाल्यांना मी थोडी देणगी पाठवली, देणग्यांवर आणि प्रायोजकांवरच चालतं त्यांचं. चोरीचं वापरत होते तेव्हा दहा वर्षांत कुणाला एक रुपया द्यावासा वाटला नव्हता.

परवा दिवाळीनंतर आमच्या आळीतल्या मंडळाचा मुलगा आला. अहवाल गेली अकरा वर्षं माझ्याकडेच होतो. म्हणाला, "काकू, यंदाच्या अहवालाची ओपन फाइल मिळेल का? नवीन खजिनदार कॉम्प्युटरवालाच आहे, पुढच्या वर्षी तो घरीच बदल करेल म्हणतोय." माझं तोंड सवयीने "मशीन फॉर्मॅट" पर्यंत उघडलं होतं. मग स्क्रायबसची फाइल, चित्रं आणि मुक्ता फॉन्ट, तिन्ही एका फोल्डरमध्ये घालून त्याच्या पेनड्राइव्हवर टाकलं. पेनड्राइव्हवर दोन व्हायरस होते, ते आधी काढले.

दोनशे रुपये घेतले. तो जरा चपापला, म्हणाला, ओपन आहे ना? लिनसनेही आधी अट घातली होती की कुणी पैसे घ्यायचे नाहीत, १९९२ मध्ये ती काढून टाकली. आणि स्टॉलमन त्याच्या प्रोग्रामच्या टेप दीडशे डॉलरला विकायचा. त्या मानाने माझे दोनशे स्वस्तच आहेत, असं मी त्याला सांगितलं आणि पावती दिली.